वही अर्ध्यात सुटू नये म्हणून: रोजच्या रेखाटनाचं एक वर्ष, टप्प्याटप्प्यानं

नवीन वर्ष लागलं की आणि मग मे महिन्यात, मोठी माणसं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, चित्रकला परत सुरू करायचीय. कुठले रंग घेऊ?" त्यात निवृत्त ग्रामसेवक असतात, बँकेतल्या ताई असतात, मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यामुळे घर रिकामं झालेल्या आया असतात. बहुतेकांची वही पंधराव्या पानाच्या आत थांबते. हात चांगला नसतो म्हणून ती थांबत नाही. क्रम उलटा असतो म्हणून थांबते. आधी रंग, मग रेषा, आणि बघणं राहूनच जातं.

हा उलटा क्रम मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवला. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी एलिमेंटरी या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या मुलांकडून स्मरणचित्राचा सराव करून घेत होतो. विषय होता आठवडे बाजार. चाळीस कागद आले आणि त्यातल्या बहुतेकांवर मागे दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य आणि कडेला नारळाचं झाड. गावात नारळाचं एकही झाड नव्हतं. बाजार भरायचा नदीकाठच्या कडुनिंबांखाली, आणि ही मुलं दर आठवड्याला आईबरोबर तिथे जायची. तो नारळ मीच कधीतरी फळ्यावर काढून दाखवला होता. त्यानंतर मी शिकवण्याचा क्रम बदलला आणि स्वतःची वहीही त्याच क्रमानं नव्यानं सुरू केली. तोच क्रम इथे देतो आहे.

## तयारी: साहित्य थोडं, जागा आणि वेळ ठरलेली

वही. ए-५ आकाराची, म्हणजे ए-४ कागदाच्या निम्मी. पिशवीत मावली पाहिजे. कागद १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) असला तर पुढे हलका रंगही पेलतो. पहिले दोन महिने पाठकोरे कागद क्लिपनं पुठ्ठ्याला लावून काम केलंत तरी चालतं.

पेन्सिली. २बी आणि ६बी, दोनच. ब्लेडनं टोक करा, शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं ठेवा. शार्पनरचं आखूड टोक आडवं धरून छाया देता येत नाही.

पेन. साधं काळं बॉलपेन.

खोडरबर. पहिले तीन महिने कपाटात. चुकलेली रेषा राहू द्या आणि शेजारी बरोबर रेषा काढा. पुसलेली चूक पुढच्या पानावर परत होते, कारण ती कुठे झाली होती हे दाखवायला कागदावर काही उरलेलं नसतं.

वेळ. रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवडा भरून निघत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बाहेरचं काम सकाळी साडेसहा ते आठमध्येच उरका. सावल्याही त्या वेळी लांब आणि स्वच्छ असतात. दुपारी बाराला त्या वस्तूच्या पायाशी गोळा होतात आणि काढायला काही उरत नाही. तळहाताखाली जुना रुमाल ठेवा, घामानं शिसं पसरतं.

> थांबा: महागडी, जाड पुठ्ठ्याची वही घेऊ नका. ती खराब होईल या भीतीनं हात आखडतो. आणि पहिलं पान 'चांगल्या चित्रासाठी' कोरं ठेवू नका. त्यावरच पेन्सिली घासून बघा, तारीख टाका, मोकळे व्हा.

## टप्पा १ (पहिला आठवडा): चित्र नाही, फक्त टिपण

या आठवड्यात काहीही काढायचं नाही. घरातली किंवा शेतातली एक वस्तू रोज वीस मिनिटं बघायची आणि तिच्याबद्दल दहा वाक्यं लिहायची.

केळीचं पान घ्या. केळीच्या मुलखातल्या, रावेर-यावलकडच्या माणसानं ते जन्मापासून पाहिलेलं असतं, तरी काढायला सांगितलं की तो आंब्याचं पान मोठं करून काढतो. टिपणात पहिली दोन-तीन वाक्यं येतात ती अशी: पान लांब आहे, हिरवं आहे, मोठं आहे. ही आधीच माहीत असलेली वाक्यं आहेत, बघून आलेली नाहीत. दहा मिनिटांनी खरी वाक्यं यायला लागतात. मधल्या जाड दांड्यापासून शिरा जवळजवळ काटकोनात कडेकडे निघतात. वाऱ्यानं पान फाटतं ते त्या शिरांच्या रेषेतच, म्हणून चिंध्या समांतर लोंबतात. प्रत्येक चिंधी वेगळ्या कोनात वळलेली असल्यामुळे एकाच पानात चार हिरवे दिसतात. कोवळं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं. मागची बाजू फिकी असते.

एवढं लिहून झालं की पान अर्धं काढल्यासारखंच असतं.

> तपासणी: दहा वाक्यांपैकी निदान चार अशी हवीत जी कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हती. नसतील तर त्याच वस्तूसमोर दुसऱ्या दिवशी परत बसा.

## टप्पा २ (दुसरा ते पाचवा आठवडा): कागदाकडे न बघता रेषा

1. डावा हात टेबलावर ठेवा, बोटं थोडी वाकवून. डावखुऱ्यांनी उजवा.
2. पेन कागदावर टेकवा आणि मान फिरवून फक्त हाताकडे बघा.
3. हाताच्या कडेवरून मुंगी चालली आहे असं समजा. डोळा त्या मुंगीबरोबर सरकवा, आणि डोळा सरकेल तेवढंच पेन.
4. पाच मिनिटं पेन उचलायचं नाही, कागदाकडे बघायचं नाही.
5. वेळ संपली की तारीख टाकून पान उलटा.

चित्र वेडंवाकडं येणार. अंगठा मनगटातून उगवेल, दोन बोटं एकमेकांत घुसतील. इथेच बरेच जण वही मिटतात, म्हणून स्पष्ट सांगतो: या टप्प्यावर चित्र हाताला सवय लावण्यासाठी असतं, दाखवण्यासाठी नसतं. डोळा बघतो त्याच वेगानं हात चालायला लागला की काम झालं.

सगळ्यात मोठी चूक घाईची. अर्ध्या मिनिटात हात काढून होतो, कारण मनात 'हाताचं चित्र' आधीच तयार असतं आणि पेन ते उतरवतं. तो पुन्हा आमच्या बाजारातला नारळच. पाच मिनिटं पूर्ण लावलीत तर नखाच्या कडेचा खडबडीतपणा, सांध्यावरच्या आडव्या सुरकुत्या आपोआप येतात.

पाचव्या आठवड्यात दर चार-पाच रेषांनी एकदा कागदाकडे बघायची सूट घ्या.

> तपासणी: कुणालाही पान दाखवा आणि आधी काही न सांगता विचारा, "हा म्हाताऱ्या माणसाचा हात आहे की तरुणाचा?" उत्तर बरोबर आलं तर पुढे चला.

## टप्पा ३ (सहावा ते दहावा आठवडा): मोजमाप, आणि तांब्याचं बूड

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रापासून साठीच्या आजोबांपर्यंत सगळे इथेच अडखळतात.

आधी माप. हात पूर्ण सरळ करा, कोपर ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या काठाशी लावा आणि अंगठा बुडाच्या रेषेवर आणा. ही उंची झाली. तेच माप आडवं फिरवून रुंदीशी ताडा. रुंदी उंचीच्या पाऊणपट भरली तर कागदावरही पाऊणपटच हवी. कोपर वाकलं की माप बदलतं, आणि मग "मोजलं तरी चुकलं" असं वाटतं. मध्येच खुर्ची पुढेमागे सरकवली तरी तेच होतं. खुर्चीच्या पायांशी खडूनं खूण करून ठेवा.

मग मधली रेषा. तांब्या काढण्याआधी त्याच्या मधोमध एक उभी फिकी रेषा काढा. दोन्ही बाजूंचं अंतर तिच्यापासून मोजा. ही रेषा नसेल तर तांब्या एका बाजूला पोट काढून बसतो.

आता तोंड आणि बूड. शंभरातले नव्वद जण तोंड लंबगोल काढतात आणि बूड सरळ रेषेत. कारण डोक्यात पक्कं असतं की बूड सपाट आहे, म्हणून तर तांब्या उभा राहतो. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या आणि हा प्रयोग करा:

1. पेला डोळ्यांच्या बरोबर समोर धरा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग डोळ्याच्या पातळीत येईल. पाणी एका रेषेसारखं दिसेल.
2. पेला हळूहळू खाली न्या. रेषा उघडत जाऊन लंबगोल होईल.
3. आणखी खाली न्या. लंबगोल आणखी फुगेल.

म्हणजे डोळ्याच्या पातळीपासून गोल जितका खाली, तितका तो जास्त उघडा दिसतो. तांब्या टेबलावर आहे आणि तुम्ही खुर्चीवर बसला आहात, तर बूड तोंडापेक्षा खाली आहे. म्हणून बुडाची वक्ररेषा तोंडाच्या वक्ररेषेपेक्षा जास्त गोल हवी. तिची फक्त पुढची बाजू दिसते, तरी काढताना पूर्ण लंबगोल फिका काढा आणि मग मागची बाजू सोडून द्या.

दुसरी चूक लंबगोलाच्या टोकांची. तिथे बदामासारखी टोकं येतात. लंबगोलाला टोक कुठेच नसतं. मनगट न हलवता खांद्यातून पूर्ण हात फिरवून, कागदाला पेन्सिल न टेकवता दोन-तीन फेऱ्या हवेत मारा आणि फिरता फिरता टेकवा.

मोकळ्या जागा. कपाच्या कानातली पोकळी, खाटेच्या पायांमधला चौकोन, केळीच्या दोन चिंध्यांमधलं आकाश. वस्तू विसरा आणि ही पोकळी काढा. पोकळीला नाव नसतं, त्यामुळे डोक्यातलं तयार चित्र मध्ये येत नाही आणि माप बरोबर येतं.

> थांबा: तांब्या, पेला आणि कळशी या तिघांचं बूड बघून काढता येईपर्यंत माणसांचे चेहरे घेऊ नका. चेहऱ्यात तर नेहमीची मोठी चूक असते: डोळे कपाळाच्या जागी चढलेले. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर डोळे असतात. आरशासमोर पेन्सिलीनं मोजून खात्री करा.

## टप्पा ४ (अकरावा ते चौदावा आठवडा): छाया-प्रकाश

पाच चौकोन काढा. पहिला कोरा कागद, पाचवा ६बीनं जमेल तेवढा काळा, मधले तीन समान पायऱ्यांनी. ही पट्टी वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा. आता कुठलीही वस्तू काढण्याआधी डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि फिक्या-गडद भागांचे मोठे आकार उरतात. प्रत्येक आकाराला पट्टीतला क्रमांक द्या, आणि मगच छाया भरा.

उजेड एकाच बाजूनं हवा. खिडकीजवळ बसा, ट्यूब बंद करा. बोटानं घासून छाया मऊ करू नका, सगळं धुरकट होतं. आणि वस्तूभोवती जाड काळी बाह्यरेषा ओढू नका. धाब्याच्या घराची चुना दिलेली भिंत सकाळी दहाला बघा: उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू जिथे मिळतात तिथे रेषा नसते, फक्त दोन छटा शेजारी शेजारी असतात.

## टप्पा ५ (चौथा आणि पाचवा महिना): आठवणीतून काढणं

कल्पनाशक्ती वाढवायची कशी, असं लोक विचारतात. माझ्या अनुभवात कल्पना साठ्यातून येते, आणि साठा या टप्प्यात भरतो. हा टप्पा गाळला तर पुढे सगळं दुसऱ्याचं उचलावं लागतं.

1. बाजारात जा. वही पिशवीत ठेवा. एका जागी दहा मिनिटं उभं राहा.
2. तीनच गोष्टी ठरवून बघा. समजा, वजन करणाऱ्या बाईचा खांदा तराजूबरोबर कसा झुकतो. भरताच्या हिरव्या वांग्यांचा ढीग कशावर टेकला आहे. वरच्या ताडपत्रीतून ऊन कुठे पडतं.
3. घरी येऊन त्याच संध्याकाळी पेनानं काढा. जे आठवत नाही तिथे अंदाज न करता कागद कोरा सोडा आणि प्रश्नचिन्ह टाका.
4. पुढच्या बाजाराच्या दिवशी फक्त प्रश्नचिन्हांची उत्तरं बघायला जा.
5. दुसऱ्या रंगाच्या पेनानं त्याच पानावर दुरुस्ती करा.

चौथी पायरी लोक गाळतात. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मी पहिल्यांदा काढलेल्या पानावर बाई तराजू कुठल्या हातात धरते इथेच प्रश्नचिन्ह होतं. पन्नास वर्षं बाजार केला आणि हे मला सांगता येत नव्हतं. आठवडाभर ते डोक्यात राहिलं, आणि पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी जसा बघितला तसा बाजार आधी कधी बघितला नव्हता.

> थांबा: माणसांना न विचारता काढू नका. एखादी आजी "काय काढी राहिनात, गुरुजी?" म्हणाली तर पान पुढे करा. नको म्हणाली तर वही मिटा. सातपुड्यात होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराला जाणाऱ्यांनी तर हे जास्तच सांभाळावं. तिथली माणसं सणाला आलेली असतात, आपल्या वहीसाठी नाही.

## टप्पा ६ (सहावा आणि सातवा महिना): एकच विषय, तीस पानं

एक वस्तू निवडा आणि तिच्यावर तीस पानं करा. सातव्या-आठव्या पानाला कंटाळा येतो, तो यायलाच हवा. माहीत असलेलं सगळं तेव्हा काढून संपलेलं असतं. अशा वेळी विषय बदलणं ही या टप्प्यातली एकमेव मोठी चूक आहे. त्याऐवजी खालीलपैकी एक बदल करा: वरून बघा; अगदी जवळून एकच भाग घ्या; फक्त सावली काढा; फक्त पोकळ्या काढा; डोळे मिटून हातानं चाचपून मग काढा; वस्तू वापरात असताना काढा.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी सासूबाईंचं जातं निवडलं. आठ पानं एकसारखी झाली आणि त्या म्हणाल्या, "सर, संपलं." मी वरून बघायला सांगितलं. नवव्या पानावर जात्याभोवती सांडलेल्या पिठाचं वर्तुळ आलं. चौदाव्यावर फक्त खुंटा होता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मग त्यांनी वरची पाळू उचलून आतली बाजू बघितली. तिथे पाथरवटाच्या टाकीचे घाव ओळीनं होते. एकविसाव्या पानापासून त्यांनी ते घाव वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडले आणि शेवटच्या पानावर साडीचा काठ तयार झाला. ग्रेड परीक्षेत ज्याला आपण संकल्पचित्र म्हणतो ते हेच, फक्त ते कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. तो काठ इतर कुणाला सुचणं शक्य नव्हतं, कारण दुसऱ्या कुणी त्या जात्यासमोर एकवीस दिवस बसलेलं नव्हतं.

घरात काढण्यासारखं काही नाही असं वाटणाऱ्यांनी एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून यावं. ते आयुष्याचा फार मोठा काळ त्या घरातच राहिले आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड जुळवून त्यांनी छायाचित्रांत अख्खे देखावे उभे केले. आत शिरल्यावर आधी त्यांचं काम बघा, मग त्या टेबलाएवढी जागा आपल्या घरात कुठे आहे ते आठवा.

> तपासणी: तिसरं आणि तेविसावं पान शेजारी ठेवा. दोन्ही एकाच माणसानं एकाच दिवशी काढल्यासारखी दिसत असतील तर आणखी पाच पानं करा. या दोन महिन्यांत मोबाइलवर त्या वस्तूची चित्रं शोधू नका.

## टप्पा ७ (आठवा महिना): आता रंग

तीन जलरंग पुरेत: एक पिवळा, एक लाल, एक निळा. त्यात पिवडी (मातकट पिवळा) आणि गेरू मिळाले तर आपल्याकडची माती, भिंती, कौलं सगळं येतं. ब्रश दोन, एक सहा नंबरचा, एक बारा.

फिक्याकडून गडदाकडे जा. पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखून ठेवा. सावलीत काळा मिसळू नका, निळा आणि तांबडा एकत्र करून गडद करा. जलरंग वाळला की फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद दिसला पाहिजे.

खान्देशातल्या उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्ध्यात वाळून डाग पडतात. कागद आधी स्वच्छ पाण्यानं ओला करा, पुठ्ठा थोडा तिरका ठेवा, आणि खालच्या कडेला साठलेला रंगाचा थेंब न तुटू देता ब्रशनं पुढे ओढत न्या. कूलरचा झोत कागदावर येऊ देऊ नका.

## मध्येच एक दिवस: अजिंठा

जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर आहे. सोमवारी लेणी बंद असतात. सगळी लेणी एका दिवसात 'करायला' जाऊ नका. पहिलं किंवा सतरावं, एकच लेणं घ्या. आत उजेड मंद असतो. दहा मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की चित्रं हळूहळू वर येतात. मग फक्त हात बघा. बोटं कशी वळली आहेत, कमळाचा देठ कसा धरला आहे, रेषा कुठे जाड होते आणि कुठे बारीक. बाहेर वाघूर नदीच्या दरीकडे तोंड करून बसा आणि आठवणीतून पाच हात काढा. परत आत जा, ताडून बघा.

फोटो काढायची घाई झाली की बघणं थांबतं. मोबाइल पिशवीत राहू द्या.

## टप्पा ८: महिन्याचा आढावा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही पहिल्यापासून चाळा आणि तीन प्रश्नांची उत्तरं शेवटच्या पानावर लिहा. कुठली चूक तीनदा झाली? कुठलं पान काढताना वेळेचं भान राहिलं नाही? काय बघायचं राहिलं? 'सगळ्यात चांगलं चित्र' निवडू नका, त्यानं पुढच्या महिन्यात तसंच चित्र परत काढायचा मोह होतो. आणि पहिले सहा महिने पानं व्हॉट्सॲपवर टाकू नका. "व्वा" म्हणणारे पन्नास जण भेटले की बूड सरळ काढलंय हे सांगणारं कुणी उरत नाही.

## टप्पा ९: शिकवा, आणि कुठेतरी पुन्हा पहिलीत बसा

नवव्या महिन्यात एका माणसाला एक टप्पा शिकवा. नातवाला पाण्याच्या पेल्याचा प्रयोग दाखवा. समजावताना जिथे शब्द अडतील, तो टप्पा तुमचा कच्चा आहे. तिथे परत जा.

आणि वर्षातून एकदा अशा कामाला बसा ज्यात तुम्हाला काहीच येत नाही. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी गावातल्या कुंभाराकडे चाकावर बसायला गेलो. तीन आठवडे मातीचा गोळा मधोमध येत नव्हता, मडकं दूरच. रोज तो वाकडा व्हायचा आणि मी पुन्हा सुरू करायचो. त्या वर्षी वर्गात लंबगोल न जमणाऱ्या मुलाजवळ मी पहिल्यांदा पूर्ण तास बसलो, कारण हात ऐकत नाही म्हणजे काय हे मला ताजं आठवत होतं. आणि चाकावर ओठ काढताना अंगठ्याला जो गोल जाणवला, तो आता पेन्सिलीत उतरतो.

## खंड पडला तर

लग्नसराई येते, कापूस वेचणीला येतो, घरात आजारपण येतं. खंड पडणारच. तेव्हा पुढील चुका टाळा:

- राहिलेली पानं भरून काढायला एका दिवसात दहा चित्रं काढू नका.
- नवी वही आणू नका. जुनीतच पुढचं पान घ्या.
- कोरे दिवस लपवू नका. मधली तारीख तशीच दिसू द्या.
- जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. एक टप्पा मागे या.

आठवड्यापेक्षा जास्त खंड असेल तर थेट टप्पा दोनवर या. डावा हात टेबलावर ठेवा, पेन टेकवा, पाच मिनिटं कागदाकडे बघू नका. मग तारीख टाका.